बाहेर पडलेला मुलगा खराच होता

कुणीतरी लिहिलेलं वाचलं की माफिया घराण्यातल्या पोराला धंदा सोडायचाय हे फक्त पडद्यावरच घडतं. मला नाही पटत. इटलीच्या सिसिली बेटावरच्या चिनिझी गावचा पेपिनो इम्पास्तातो घ्या ना, बाप माफियाशी जोडलेला, आत्याचा नवरा चेझारे मांझेल्ला तर बॉसच, जो १९६३ मध्ये कारबॉम्बमध्ये उडाला, तेव्हा पेपिनो जेमतेम १५ वर्षांचा. पुढे त्याने नुसतं अंग काढून घेतलं नाही, उघड विरोधच केला. बापाने घराबाहेर काढलं, आई फेलिचिया मात्र त्याच्या बाजूने राहिली. १९७७ मध्ये त्याने 'रेडिओ आउत' (Radio Aut) हे रेडिओ केंद्र सुरू केलं आणि गावचा डॉन बादालामेंती याची नाव घेऊन टर उडवायला लागला, ती पण त्याच गावात राहून! डॉनचं घर यांच्या घरापासून फक्त शंभर पावलांवर, म्हणूनच २००० साली आलेल्या त्याच्यावरच्या सिनेमाचं नाव 'शंभर पावलं'.

९ मे १९७८ ला त्याला मारून रेल्वे रुळावर स्फोटकांनी उडवलं आणि वर तोच अतिरेकी होता असं भासवलं. बादालामेंतीला जन्मठेप व्हायला २००२ उजाडलं. फेलिचिया आणि भाऊ जोवान्नी तोपर्यंत लढत राहिले. मला तर या सगळ्यात आईच जास्त भिडते, नवरा त्यांच्यातला, मुलगा त्यांनी मारलेला, तरी ही बाई कोर्टात उभी राहून बादालामेंतीविरुद्ध बोलली.