काली नदीचा उगम नेमका कोणता?

प्रश्न: ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यातील १८१६ च्या सुगौली तहाने काली नदी ही नेपाळची पश्चिम सीमा ठरली असताना, भारत आणि नेपाळ यांच्यात अजूनही वाद का आहे?

उत्तर १: तहात नदीचे नाव आहे, तिचा उगम कोठे मानायचा, हे मात्र लिहिलेले नाही. गुंजी गावाजवळ दोन प्रवाह एकत्र येतात. लिंपियाधुराकडून येणारी कुठी यांक्ती हीच मूळ काली, असे नेपाळ म्हणतो, तर कालापानी येथील झऱ्यांपासून काली सुरू होते, अशी भारताची भूमिका आहे. या दोहोंमधील सारा प्रदेश त्यामुळे वादात सापडला आहे.

उत्तर २: कुठी यांक्ती अधिक लांब असल्याने भूगोलाच्या दृष्टीने नेपाळचे म्हणणे वजनदार वाटते.

उत्तर ३: मान्य, पण लांबीवरूनच सीमा ठरत नाही. भारत दीर्घकाळच्या प्रशासनाचा आणि महसुली नोंदींचा आधार देतो, नेपाळ जुन्या ब्रिटिश नकाशांचा. आणि गंमत अशी की दोन्ही पुरावे बहुतांशी एकाच, म्हणजे ब्रिटिश, सत्तेच्या दप्तरातले आहेत. मे २०२० मध्ये लिपुलेख खिंडीकडे जाणाऱ्या भारताच्या रस्त्याचे उद्घाटन झाल्यावर नेपाळने हा प्रदेश आपल्या नव्या नकाशात दाखवला आणि जूनमध्ये त्यासाठी घटनादुरुस्तीही केली.