न आणलेल्या गोगलगायी टाकीत झाल्या आहेत, मोरचूद टाकावं का?

दोनफुटी

टाकी 2 × 1 × 1 फूट, खडी वजा जाता साधारण 45 लिटर पाणी. मागे लटकवायचा फिल्टर. 8 गप्पी, 6 कोरीडोरस (तळाशी राहणारे छोटे मासे, ‘कोरी’) आणि 15-20 चेरी कोळंब्या. साडेतीन आठवड्यांपूर्वी हायड्रिला आणि व्हॅलिसनेरियाच्या जुड्या आणल्या, नळाखाली धुतल्या आणि लावल्या. आता रात्री दिवा बंद करून टॉर्च मारला की काचेवर आणि खडीवर चाळीस-पन्नास गोगलगायी दिसतात. काही गोलसर, पातळ कवचाच्या, मुगाच्या दाण्याएवढ्या. काही लांबट, निमुळत्या, खडीत घुसणाऱ्या. पानांच्या मागे चिकट पारदर्शक ठिपकेही आहेत.

माशांचे दाणे दिवसातून दोनदा, दर वेळी एक चिमूट. दिवा रोज 11 तास. दर रविवारी 10 लिटर पाणी बदलतो.

यांनी माशांना किंवा झाडांना अपाय होतो का? चिमूटभर मोरचूद टाकलं की सगळ्या मरतात असं सांगितलं गेलं, पण कोळंब्यांची काळजी वाटते. की सगळं उपसून, खडी धुऊन टाकी नव्याने लावणंच बरं?

---

पाणकणीस

मोरचूद अजिबात टाकू नका. गणित करून पाहा. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, वजनातलं साधारण पाव वजन तांब्याचं असतं. माशांच्या आजारावर तांबं वापरतात तेव्हा लिटरला 0.15 ते 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात आणि तेही रोज चाचणी करून. तुमच्या 45 लिटरला हे 9 मिलिग्रॅम तांबं, म्हणजे जेमतेम 36 मिलिग्रॅम मोरचूद. एका चिमटीत सहज 300 मिलिग्रॅम येतं, म्हणजे आठपटीहून जास्त. कोळंब्या तर उपचाराच्या मात्रेतही जगतील याची खात्री नाही, चिमटीत नक्कीच जाणार. पाणी मऊ असेल तर तांबं माशांनाही जास्त बाधतं.

दुसरं, ते पाणी बदलून पूर्ण निघत नाही. खडीत आणि गाळात बसतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. नंतर आणलेल्या कोळंब्या मरायला लागल्या की कारण सापडत नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावरच्या काही तयार औषधांतही कॉपर सल्फेट असतं, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचूनच औषध घ्या.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: गोगलगायी मरतात त्या खडीच्या आत. पन्नास दिसतात तेव्हा न दिसणाऱ्या कितीतरी असतात. त्या एकदम कुजल्या की अमोनिया चढतो आणि तांब्यातून वाचलेले मासे त्याने जातात.

टाकी उपसण्याचीही गरज नाही. धुतलेल्या खडीबरोबर अमोनिया पचवणारे जिवाणू जातात आणि टाकी पुन्हा महिनाभर कच्ची होते, म्हणजे अमोनिया पचवू शकत नाही. निमुळत्या जातीला कवचाच्या तोंडाशी झाकण असतं. ते मिटून ती ओल्या खडीत बरेच दिवस तग धरते, त्यामुळे धुऊन परत लावलेल्या खडीतूनच ती पुन्हा निघते.

आधी जात ओळखा. गोलसर असेल ती काचेवरून उचला, टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डावीकडे आलं तर ती ब्लॅडर स्नेल, फायसेला अक्यूटा. तिच्या मिशा दोऱ्यासारख्या बारीक असतात. तोंड उजवीकडे आणि मिशा चपट्या, त्रिकोणी असतील तर ती तळ्यातली लिम्निया. ती कोवळी पानं खाते, तिला मात्र वेचून काढा. चकलीसारखी सपाट गुंडाळी असेल तर रॅम्सहॉर्न. निमुळती, खडीत घुसणारी ती ट्रम्पेट, मेलॅनॉइड्स ट्युबरक्युलाटा. ही आपल्याकडच्या ओढ्यांत, तळ्यांत, कालव्यांतही सापडते.

ब्लॅडर, रॅम्सहॉर्न आणि ट्रम्पेट धडधाकट झाड खात नाहीत. शेवाळ, कुजकं पान, उरलेले दाणे आणि मेलेला मासा, एवढाच त्यांचा आहार. पानाला भोक पडलंय आणि त्यावर गोगलगाय बसली आहे असं दिसलं, तर बहुतेक वेळा पान आधीच सडत असतं आणि ती नंतर आलेली असते. निरोगी माशाला यांच्यापासून काही होत नाही.

---

गाळणी

वरच्या उत्तराशी सहमत. आता कमी कशा करायच्या ते.

एक ब्लॅडर स्नेल एकटीही पुरते, कारण ती उभयलिंगी असते आणि जोडीदार नसला तरी अंडी घालू शकते. 25 अंशांच्या आसपास अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः अंडी घालायला लागतात. ट्रम्पेटच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं देतात. म्हणजे शेवटची गोगलगाय काढायची असं ठरवलंत तर हरणार. त्यांची संख्या अन्नावर ठरते. अन्न तोडलं की ती उतरते.

दिवसातून दोन चिमटी हे 8 गप्पी आणि 6 कोरींना खूप आहे. एकच वेळ द्या, गप्पी दीड-दोन मिनिटांत संपवतील एवढंच. कोरींसाठी बुडणारी गोळी दिवा बंद केल्यावर टाका, पण अर्ध्या तासाने टॉर्चने पाहा. उरली असेल तर काढून घ्या आणि उद्या निम्मी द्या. बुडालेली, कुणी न खाल्लेली गोळी हेच बहुतेक टाक्यांत गोगलगायींचं मूळ असतं. आठवड्यातून एक दिवस उपास. माशांना काही होत नाही.

दिवा 11 तासांवरून 7 वर आणा. काचेवरचं शेवाळ आठवड्याला खरवडा. पिवळी पानं देठापासून कापून बाहेर काढा, टाकीत तरंगत ठेवू नका.

पाणी बदलताना नुसतं वरून उपसू नका. सायफनची रुंद नळी खडीत इंचभर खुपसून गाळ ओढा. एका रविवारी डावी बाजू, पुढच्या रविवारी उजवी. सगळी खडी एकदम ढवळली तर पाणी गढूळ होऊन कोरींना त्रास होतो. सायफनचं पाणी बादलीत पांढऱ्या कपड्यावरून गाळलं तर कोळंबीची पिल्लं वाचवता येतात आणि गोगलगायी हाती लागतात.

सापळा असा. काकडीची किंवा दोडक्याची बोटभर जाड चकती मिनिटभर उकळून गार करा, स्टीलच्या काट्यात टोचा आणि दिवा बंद झाल्यावर तळाशी ठेवा. दोन-तीन तासांनी चकतीसकट हळूच उचला. कोळंब्याही येतात, त्यांना पाण्यातच झटकून सोडा. सलग सात-आठ रात्री करा. चकती सकाळपर्यंत विसरली तर ती कुजते आणि ज्या कारणासाठी ठेवली तेच उलटं होतं. पहिल्या दोन रात्री भरपूर गोगलगायी सापडतात, नंतर कमी, तेव्हा सोडून देऊ नका.

फिल्टरही उघडा. पाण्याचा आवाज बदलला, घरघर वाढली किंवा धार बारीक झाली तर आत पंख्यात लहान गोगलगाय अडकलेली असते. प्लग काढून पंखा बाहेर घ्या, जुन्या टूथब्रशने पुसा. आत जाणाऱ्या नळीवर जाड स्पंजाची टोपी लावलीत तर हा त्रास थांबतो आणि कोळंबीची पिल्लंही ओढली जात नाहीत. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात नाही.

---

दोनफुटी

दोघांचेही आभार. तोंड डावीकडे, म्हणजे ब्लॅडर. दुसरी नक्की ट्रम्पेट. दाणे एका वेळेवर आणले, दिवा 7 तासांवर.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ब्लॅडर दिवसभर पाण्याच्या वरच्या कडेला असतात, हे ठीक आहे का? कारण आज सकाळी पाच-सहा ट्रम्पेटही काचेवर वरपर्यंत चढलेल्या दिसल्या, एरवी त्या दिवसा दिसत नाहीत. आणि दुकानात लोच मासा घ्यायला सांगत आहेत, तो सगळ्या संपवतो म्हणे.

---

पाणकणीस

पहिल्या प्रश्नाकडे आत्ताच लक्ष द्या. ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न हवेतून श्वास घेतात, त्यामुळे त्यांचं वर येणं नेहमीचं. ट्रम्पेटला कल्ले असतात, ती दिवसा खडीत आणि रात्री बाहेर. ती दिवसाढवळ्या वर चढली तर खाली प्राणवायू कमी आहे किंवा पाण्यात काहीतरी बिघडलंय. अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य हवेत. मासे वर तोंड काढतायत का ते पाहा. फिल्टरची धार मंद झाली असेल तर पंखा साफ करा आणि पाण्याची पातळी बोटभर खाली आणा, म्हणजे धार आपटून हवा मिसळेल. आज 10-12 लिटर पाणी बदला, क्लोरीन घालवलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं. खडीत मेलेला मासा किंवा दाण्यांचा ढीग आहे का तेही बघा. यासाठीच मी दहा-वीस ट्रम्पेट टाकीत राहू देण्याच्या बाजूने आहे. त्या खडी पोकळ ठेवतात आणि बिघाड चाचणीच्या आधी सांगतात.

लोच नको. योयो लोच वाढून 12-15 सेंटिमीटर होतो, तो दोन फुटी टाकीतला मासा नाही आणि चेरी कोळंब्या तो आवडीने खाईल. दुकानात झेब्रा लोच म्हणून मिळतो तो बोटिया स्ट्रायाटा आपल्या पश्चिम घाटातला, कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांचा रहिवासी आहे आणि धोक्यात आलेली जात आहे. त्याला पाच-सहाचा घोळका आणि किमान तीन फुटी टाकी लागते. गोगलगायी संपवायचं यंत्र म्हणून तो विकत घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पी पफरही सुचवतील. तोही पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडचा, दिसायला गोंडस, पण गप्पींच्या शेपट्या कुरतडतो, कोळंब्या खातो आणि त्याला स्वतंत्र टाकी हवी.

काही आणायचंच असेल तर असॅसिन स्नेल, 4-5 नग. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ही गोगलगाय दुसऱ्या गोगलगायी खाते. काम सावकाश, फरक दिसायला दीड-दोन महिने. मोठ्या कोळंब्यांना सहसा हात लावत नाही, पण पिल्लांची हमी नाही. एकेक अंडं घालते म्हणून तिची झुंड होत नाही. शिकार संपली की तिला मांसाहारी दाणे द्यावे लागतात, नाहीतर उपाशी मरते.

---

शेवाळी

पुढच्या वेळी झाडं आणाल तेव्हासाठी. नळाखाली धुण्याने मोठ्या गोगलगायी जातात, अंडी नाही. ती जेलीत चिकटलेली असतात, अंगठ्याने पान चोळून काढावी लागतात.

पद्धत झाडाच्या जातीवर ठरते. अनुबियास, जावा फर्न यांसारख्या जाड पानांना साध्या पांढऱ्या ब्लीचचं पाणी चालतं: 5 टक्के हायपोक्लोराइटचं 50 मिली ब्लीच, 950 मिली पाणी, दीड ते दोन मिनिटं घड्याळ लावून. सुगंधी किंवा साबण घातलेलं ब्लीच नको आणि त्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. नंतर वाहत्या पाण्यात धुवा आणि अँटिक्लोरीनची (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाची) दुप्पट मात्रा घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. वास आला तर पुन्हा.

तुमची हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया ब्लीचने विरघळतील. जावा मॉसही. त्यांना तुरटी: 4 लिटर पाण्यात एक मोठा चमचा पूड, दोन-तीन तास, मग दोनदा स्वच्छ पाण्यात. लहान-मोठ्या गोगलगायी यात मरतात, अंड्यांवर भरवसा नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्याचंही तेच, अंडी वाचतात.

म्हणून झाडं वेगळ्या बादलीत ठेवणं सोडू नका. खिडकीजवळ, उजेडात, चार आठवडे. पहिल्या दहा दिवसांत जी अंडी फुटतील त्यांची पिल्लं दिसायला पुढचा पंधरवडा लागतो, आठवडाभराने बादली स्वच्छ दिसते म्हणून घाई होते आणि तिथेच चुकतं. दर आठवड्याला पाणी बदला आणि पानांच्या मागच्या बाजू बघा. ऊतिसंवर्धन केलेली, बंद डबीत जेलीवर वाढवलेली रोपं घेतली तर हा सगळा खटाटोप नको, फक्त जेली नीट धुवायची.

तळ्यातून किंवा ओढ्यातून उपटून आणलेलं झाड शक्यतो घेऊच नका. आपल्याकडची रानटी रॅम्सहॉर्न, इंडोप्लॅनॉर्बिस, गुरांच्या रक्तातल्या कृमींची वाहक असते आणि त्या कृमींच्या पिल्लांनी माणसाच्या हाताला खाज सुटून पुरळ येतं.

---

गाळणी

काढलेल्या गोगलगायींबद्दल एक राहिलं. नाल्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. फायसेला मूळची उत्तर अमेरिकेची आहे. टाकीतला सकर मासा उजनीच्या पाण्यात पसरून बसला आहे, तीच वाट हिचीही. पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कुंडीच्या मातीत पुरा. ब्लॅडर पातळ कवचाची असते, ती काचेवर चिरडून गप्पींना दिली तर ते आवडीने खातात, एका वेळी दोन-तीनच. ट्रम्पेटचं कवच टणक, ती चिरडायच्या भानगडीत पडू नका.

---

दोनफुटी

अमोनिया 0.25 निघाला. फिल्टरच्या पंख्यात दोन ब्लॅडर अडकल्या होत्या आणि धार खरंच अर्धी झाली होती. पंखा साफ केला, 12 लिटर पाणी बदललं. ट्रम्पेट दुपारपर्यंत खडीत परतल्या. उद्या पुन्हा तपासतो आणि स्पंजाची टोपी आणतो.

---

पाणकणीस

उद्या 0.25 च राहिला तर पुन्हा 10 लिटर बदला आणि दोन दिवस दाणे बंद. शून्यावर आला की काकडीचा सापळा सुरू करा, त्याआधी नको.