दुकान वेगळं, कोर्टाचा जिना वेगळा

'अमेरिकेत दुकानांना मेरी ख्रिसमस म्हणायला कायद्यानेच बंदी आहे' हे काही खरं नाही. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती (सरकारने धर्माची बाजू घेऊ नये, कुणाच्या बोलण्यावर गदा आणू नये, असं सांगणारी) सरकारला बांधते, दुकानदाराला नाही. गल्ल्यावर 'हॅपी हॉलिडेज' म्हणायचं की आणखी काही, हा मालकाचा धंद्याचा हिशोब. टीका झाल्यावर वॉलमार्टने 2006 मध्ये 'मेरी ख्रिसमस' परत आणलं, त्यात कोर्टाचा काडीचा संबंध नव्हता.

खरी भानगड सरकारी मांडणीत आहे. ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट शहराच्या नगरपालिकेचा येशूजन्माचा देखावा 1984 मध्ये सुप्रीम कोर्टात टिकला, कारण सोबत सांताचं घर, रेनडिअर, झाड असा सगळा बाजार होता. 1989 मध्ये पिट्सबर्गच्या काउंटी कोर्टात मुख्य जिन्यावर तसाच देखावा एकटा मांडलेला. तो 5 विरुद्ध 4 ने घटनाबाह्य ठरला. त्याच निकालात, दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर 45 फुटी झाडाशेजारचा 18 फुटी मेनोरा (ज्यूंचा दीपस्तंभ) मात्र तरला. वकील चेष्टेने याला 'प्लास्टिक रेनडिअरचा नियम' म्हणतात. नाव अगदी चपखल!

फक्त 2022 च्या केनेडी निकालापासून (शाळेच्या मैदानावर प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाचा खटला) सुप्रीम कोर्ट इतिहास आणि परंपरा बघतं, त्यामुळे रेनडिअर मोजायचं जुनं गणित आता जसंच्या तसं लावता येत नाही.