एकाच झाडावर इतके टॅनेजर कसे?
प्रश्न आलाय की एकाच झाडावर तीन-चार जातींचे टॅनेजर (अमेरिका खंडांतले छोटे, रंगीबेरंगी पक्षी) दिसतात, मग खाण्यावरून भांडणं होत नाहीत का. फळाला आलेलं झाड सगळ्यांना पुरतं, खरी वाटणी किड्यांच्या शोधात दिसते. पक्षी-अभ्यासक डेव्हिड आणि बार्बरा स्नो यांनी कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाच्या जंगलात हे बारकाईने पाहून १९७१ मध्ये मांडलं. तांबूस डोक्याचा बे-हेडेड टॅनेजर फांदीवरून उड्या मारत जातो आणि एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वाकून फांदीखाली डोकावतो. ठिपक्यांचा स्पेकल्ड टॅनेजर पानं धुंडाळतो. टर्क्वॉइज टॅनेजर बारीक, बऱ्याचदा वाळलेल्या काटक्या तपासतो. मला तर हे त्यांच्या रंगांहूनही देखणं वाटतं!

टॅनेजरांचा रंग फळांतून येतो असंही म्हटलं जातं. हे लाल-पिवळ्यापुरतं बरोबर, त्यांची रंगद्रव्यं म्हणजे कॅरोटिनॉइड्स अन्नातूनच मिळतात. निळा मात्र रंगद्रव्याचा नसतोच. पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्या केराटिनमध्ये हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळा दिसतो.

आणि हो, गॅलापागोस बेटांवरचे ‘डार्विनचे फिंच’ म्हणून ओळखले जाणारे छोटे पक्षीसुद्धा आता टॅनेजर कुळातच धरतात, त्यांनाही या चर्चेत घ्या.