भुताखेतांच्या चित्रपटांतून एकच आवडता निवडायचा झाल्यास कोणता?

इंदिरानगरकर (प्रश्न):
नमस्कार. आमच्या सोसायटीत दर डिसेंबरात थंडी चांगली पडली की गच्चीवर पांढरी चादर बांधून भुताखेतांचा एक चित्रपट दाखवण्याची पद्धत आहे. यंदा निवडीचे काम माझ्याकडे आले असून ‘तुम्हाला स्वतःला सर्वांत जास्त आवडतो तोच लावा’ एवढी एकच अट घालण्यात आली आहे. ऐकताना अट सोपी वाटली, पण चार दिवस झाले तरी मला माझेच मत ठरवता आलेले नाही. ‘झपाटलेला’ (१९९३) मी वीसेक वेळा पाहिला असेल आणि त्यातले निम्मे संवाद मला तोंडपाठ आहेत, परंतु तात्या विंचूची भीती आता वाटत नाही. ‘लपाछपी’ (२०१७) पाहताना मी खरोखर घाबरलो, पण तो पुन्हा पाहण्याची माझी छाती नाही. ‘तुंबाड’ २०१८ साली माझ्याकडून राहून गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पाहिला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. तरीही एकदाच पाहिलेल्या चित्रपटाला आवडता म्हणावे का? भीती, पुन्हा पाहण्याची ओढ आणि मनात रेंगाळत राहणे यांपैकी कशाला झुकते माप द्यावे, हे जाणकारांनी सांगावे. ‘स्त्री’ सुचवू नये, तो मागच्या वर्षी झाला.

जुना सातपूरकर:
भीतीला अजिबात झुकते माप देऊ नका, कारण भीती वयाबरोबर ओसरते. आमच्या कॉलनीत ऐंशीच्या दशकात वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणत असत आणि पहाटेपर्यंत तीन कॅसेटी संपवत असत. त्यातली एक रामसे बंधूंची असायचीच. ‘पुराना मंदिर’ (१९८४) पाहून आम्ही मुले चार-चारच्या टोळीने मोरीकडे जात होतो. तोच चित्रपट आज पाहिला तर त्या अक्राळविक्राळ सामरीविषयी माया वाटते, आणि मला तर ती मायाच अधिक मोलाची वाटते. एखाद्या चित्रपटाला भक्तगण मिळतात ते तो निर्दोष असतो म्हणून नव्हे, तर प्रेक्षक त्याला आपल्या घरचा मानू लागतात म्हणून. अमेरिकेत १९७५ साली आलेला ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ आधी आपटला, पण पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि पडद्यावर लग्न लागताना प्रेक्षक तांदूळ उधळू लागले. (म्हणजे आपल्या अक्षताच, फक्त मंगलाष्टकांवाचून.)

माझी स्वतःची निवड मात्र ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) ही आहे. वसंत जोगळेकरांच्या या चित्रपटाची कथा अनेकांना आज आठवणार नाही, पण सुधीर मोघे यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत लाभलेले ‘रात्रीस खेळ चाले’ ऐकून अंगावर काटा येत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पंचवटीची लेक:
सातपूरकरांच्या मायेविषयी आदर आहे, परंतु प्रश्नकर्त्यांनी स्वतःच उत्तर देऊन ठेवले आहे असे मला वाटते. जो डोक्यातून जात नाही, तोच आवडता.

माझे माहेर रामकुंडापासून पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे पिठाचे आणि भाताचे पिंड, त्यांच्याभोवती मांडलेले दर्भ आणि काव काव करणारे कावळे हे आमच्यासाठी रोजचेच दृश्य होते. पोळ्या झाल्यावर उरलेली कणीक डब्यात ठेवताना आई त्या गोळ्यावर न चुकता चार बोटे दाबत असे, कारण गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो आणि पिंड दिसला की खायला कोणीतरी येते, असे ती म्हणायची. ‘तुंबाड’मध्ये विनायक कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो, पिठाचे रिंगण आखतो आणि ज्याला अन्नाचा कण मिळू नये असा शाप आहे तो भुकेला हस्तर त्या बाहुलीवर झडप घालतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आईची ती चार बोटे आली. परदेशी चित्रपटातला सैतान कितीही भयंकर असला तरी तो आमच्या परातीत शिरू शकत नाही. हस्तरला तिथे जागा आधीपासूनच होती.

निफाडचा मळेकरी:
‘तुंबाड’ हा मुळात भुताचा चित्रपटच नव्हे, ती हावरटपणाची गोष्ट आहे, आणि कोकणातल्या वाड्यातली माणसे शेवटपर्यंत हिंदीत बोलतात हे मला खटकले ते खटकलेच. माझे मत ‘लपाछपी’ला. विशाल फुरिया यांनी अंधार, वटवाघळे, करकरणारी दारे यांवर फारशी मदार न ठेवता भर दुपारच्या उसात भीती उभी केली आहे. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, त्यामुळे सरीतून पाचट वाजले की पाय आपोआप थबकतात. पूजा सावंत त्या उसातून वाट शोधत फिरते तेव्हा मला बसल्या जागी पाचटाचा वास आला होता. शिवाय त्यातले खरे भूत म्हणजे मुलगी नको असलेली माणसे, हे शहरातल्या गच्चीवरही दाखवायला हवे. फुरिया यांनीच २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने तो हिंदीत केला, पण मूळ मराठीच पाहावा.

लेण्यांच्या पायथ्याशी:
एक छोटी भर. ‘तुंबाड’मधली ती साखळदंडाने बांधलेली म्हातारी आणि विनायकाचा मुलगा पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत. हे कळल्यावर मला दादासाहेब फाळके आठवले, कारण त्यांच्या ‘लंका दहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या, आणि फाळक्यांचा कारखाना तेव्हा आपल्या नाशकातच होता. ‘तुंबाड’ची कथा सुरू होते ती १९१८ साली, म्हणजे त्यानंतर अवघ्या एका वर्षाने. जादूचे प्रयोग करणाऱ्या फाळक्यांना हस्तर नक्की आवडला असता. इंदिरानगरकरांनी गावाची लाज राखावी आणि ‘तुंबाड’च लावावा.

इंदिरानगरकर:
सर्वांचे आभार. निफाडकरांचा हिंदीविषयीचा आक्षेप मला मान्य आहे, मात्र हावेची गोष्ट भुताची नसते हे मान्य नाही. सातपूरकर, ‘हा खेळ सावल्यांचा’ पुढच्या वर्षासाठी राखून ठेवला आहे. गाणे लागले की आमच्या मजल्यावरचे सगळे ज्येष्ठ गच्चीवर येतील याची खात्री आहे.

पंचवटीच्या ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर काल रात्री मी मुद्दाम स्वयंपाकघरात उभा राहिलो. पोळ्या आटोपल्यावर सौ.ने उरलेला गोळा डब्यात टाकला, त्यावर चार बोटे दाबली आणि झाकण लावले. संसाराला सतरा वर्षे झाली, पण हे मी प्रथमच पाहिले. असे का करतेस म्हणून विचारले, तर ती म्हणाली, “सासूबाई करायच्या म्हणून करते. कारण तुम्हालाच ठाऊक असायला हवे.” मला ते ठाऊक नव्हते.

तेव्हा निवड ‘तुंबाड’ची. लहान मुलांसाठी संध्याकाळी सात वाजता ‘झपाटलेला’ लावतो आणि ती झोपल्यावर दहा वाजता मोठ्यांनी वर यावे. गच्चीवर वारा फार असतो, घोंगडी ज्याची त्याने आणावी.