अजेंडा आणि फ्रेमिंग एकाच तासात नको

काही जण सुचवतात की माध्यमं शिकणाऱ्या एफवायच्या मुलांना अजेंडा-सेटिंग (माध्यमं ज्या मुद्द्यांना जागा देतात, तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात) आणि फ्रेमिंग (तीच गोष्ट कोणत्या बाजूने मांडली जाते) एकाच तासात उरकावं. नको, हमखास गोंधळ होतो.

आधी अजेंडा-सेटिंग, आणि त्यात नुसती मोजणी: कुठल्या बातमीला किती जागा. एकाच दिवसाचे तीन मराठी पेपर, पट्टी, आणि पहिल्या पानावरच्या प्रत्येक बातमीची उंची गुणिले रुंदी. जॅकेटची जाहिरात (पेपरावर गुंडाळलेलं जाहिरातीचं पान) आधी काढून ठेवा, नाहीतर मुलं तेच पहिलं पान समजतात. मग सांगा: मॅककोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिलला, मत पक्कं न झालेल्या १०० मतदारांना कळीचे मुद्दे विचारले आणि त्यांचा क्रम बातम्यांतल्या क्रमाशी ताडून पाहिला.

फ्रेमिंग पुढच्या तासाला. ‘कांदा भडकला’ आणि ‘कांद्याला भाव मिळाला’. बाजार तोच, पहिला मथळा गिऱ्हाइकाचा, दुसरा शेतकऱ्याचा.