व्हिएतनाम वाढला की शेजारीही वाढतात म्हणे!

कोपऱ्यातलं टेबल
परवा इथेच एकांनी लिहिलं, "व्हिएतनाम म्हणजे पुढचा चीन. तो वाढला की अख्खा आग्नेय आशिया वाढणार, डोळे मिटून पैसे लावा." प्रतिसाद लिहिता लिहिता लांबला, म्हणून वेगळा धागा.

२०२० मध्ये पॅनासॉनिकने थायलंडमधलं फ्रिज आणि वॉशिंग मशीनचं उत्पादन उचलून व्हिएतनामला नेलं. घरी बसलेला थाई कामगार कुठल्या हिशेबात वाढला? आणि डोळे मिटायचंच म्हणाल, तर जानेवारी २०२२ मध्ये व्हीएन-इंडेक्स, म्हणजे व्हिएतनामच्या शेअर बाजाराचा निर्देशांक, १५०० च्या वर होता, नोव्हेंबरात ९०० च्या आसपास. त्याच वर्षी देशाचा जीडीपी ८ टक्क्यांनी वाढला! मी जानेवारीतच तिथल्या शेअर्सच्या फंडात शिरलो होतो, म्हणून आकडे तोंडपाठ.

हिशेबनीस
म्हणजे दुखणं फंडाचं, थायलंड आपलं तोंडी लावायला.
साहेब, निर्यातीचा ७० टक्क्यांहून जास्त वाटा परदेशी कंपन्यांचा आहे. त्यातल्या सॅमसंगचा शेअर कोरियात, सोलला मिळतो. हो ची मिन्हच्या बाजारात तुम्ही घेतल्या बँका आणि बिल्डर. २०२२ मध्ये बिल्डरांच्या बाँडची प्रकरणं बाहेर आली आणि बाजार झोपला. कारखान्यांची जाहिरात बघून बिल्डर विकत घेतलात, यात व्हिएतनामचा काय दोष?

कोपऱ्यातलं टेबल
हे ज्ञान जानेवारी २०२२ मध्ये पाजळलं असतंत तर पाया पडलो असतो. फंडवाल्याच्या पत्रकावर तर मोबाईल जोडणाऱ्या मुलींचाच फोटो होता.

टोचा
कसले कारखाने? स्क्रू आवळायच्या शेड आहेत. सुटे भाग चीनचे, खोकं व्हिएतनामचं. उगाच का अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये २० टक्के आयातशुल्क आणि दुसऱ्या देशाचा माल नुसता फिरवणाऱ्यांना ४० टक्के जाहीर केले?

साचेवाला
टोचाभाऊ, उत्तर व्हिएतनामातल्या बाक निन्हला तीन वर्षं प्लास्टिक मोल्डिंगमध्ये काढली आहेत. सुरुवातीला साचा बिघडला की ट्रकने सीमेवरच्या लांग सोनमार्गे चीनला जायचा. मी निघालो तेव्हा आमचीच पोरं तो जागेवर दुरुस्त करत होती.
जून २०२३ ची गोष्ट. उन्हाळा भयंकर, उत्तरेतली धरणं आटलेली, वीज कधी जाईल नेम नाही. गेली की मशीनच्या बॅरलमध्ये प्लास्टिक गोठायचं. वीज आली की आधी सगळं तापवायचं, आतला प्लास्टिक ढकलणारा मोठा स्क्रू बाहेर ओढायचा आणि पितळी सळईने खरवडत बसायचं. लोखंडी चालत नाही, चरे पडतात. तेव्हा स्क्रू आवळत नव्हतो, खरवडत होतो. शेडमध्ये बसून हे होत नाही.

टोचा
वीज नाही हे तुम्हीच सांगता आणि वर कौतुक! माझाच मुद्दा सिद्ध केलात.

साचेवाला
तुमचा मुद्दा स्क्रूचा होता. विजेवर कधी उडी मारलीत? ऑगस्ट २०२४ मध्ये ५०० केव्हीची नवी लाईन मध्य व्हिएतनामातून उत्तरेला पोचली. वाचत जा जरा.

टोचा
सळई घेऊन बसणाऱ्यांनी वाचन शिकवू नये.

काठावरची
अहो दादा लोक, वीज बाजूला ठेवा. कंबोडिया, लाओसचं नावही कुणी काढलं नाही. हिशेबनीसदादा, शेजारी वाढतात की नाही ते तुम्ही सोयीस्कर टाळलंत.

हिशेबनीस
टाळलं, मान्य. थायलंडचं काम गेलं हे खरंच आहे. मलेशियाचं पेनांग मात्र १९७० च्या दशकापासून चिप जुळणी आणि चाचणीत आहे, त्याला फारसा धक्का दिसत नाही. ज्याच्याकडे स्वस्त मजुरीपलीकडे काही आहे तो टिकतो. 'सगळे वाढतात' हे मूळ लेखकाचं वाक्य, माझं नव्हे.

कोपऱ्यातलं टेबल
हेच मी धाग्यात म्हटलंय, पण तुमच्या तोंडून आलं की ते विश्लेषण! असो. शेअर निर्देशांक काढणाऱ्या फूट्सीने ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हिएतनामला फ्रंटियर या खालच्या वर्गातून वर, उदयोन्मुख बाजारांत चढवायचं जाहीर केलं, त्याच आठवड्यात फंडवाल्याचं नवं पत्रक आलं. मुलींचा फोटो तोच आहे.

हिशेबनीस
आत किती बँका आहेत ते बघा आधी.

कोपऱ्यातलं टेबल
बघितलं. पहिल्या पाचात तीन.